सहा फूट

हे मी आजवर कोणालाच सांगितलेले नाही — बायकोला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे.

माझे वडील साडेपाच फूट होते. पण पणजोबा बडोदे संस्थानच्या पागेत घोडेस्वार, आणि आमच्या घरात सहा फुटांखाली पुरुष जन्मत नाही, असे बाबा आयुष्यभर सांगत आले. फोटोत कायम फेटा. आम्ही कोणी त्यांचे म्हणणे कधी खोडले नाही. कशाला खोडायचे? उंचीने कोणाचे काय बिघडते?

न्यूमोनियाने त्यांना आयसीयूत नेले. श्वास पुरेना, व्हेंटिलेटर लावायचे ठरले. डॉक्टरांनी वाकून गुजरातीत उंची विचारली, "काका, हाइट केटली?"

बाबांनी मास्क बाजूला सारला. "छ फूट! पागेतली माणसं आम्ही."

डॉक्टरांनी हसून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हो. सहा."

मला कल्पना नव्हती, असे म्हणून इथे थांबता आले असते. पण — कल्पना होती. मी वर्तमानपत्रात काम करतो. व्हेंटिलेटरवर मी स्वतः लेख लिहिला होता. फुप्फुसाचा आकार वजनावर नाही, उंचीवर ठरतो. म्हणून प्रत्येक श्वासाला यंत्राने किती हवा द्यायची, तेही उंचीवरून ठरवतात. आजारी फुप्फुसात जास्त हवा गेली, तर ते ताणले जाऊन आतून फाटू शकते. वाक्ये माझीच होती.

बाबांना झोपेचे औषध देऊन घशात नळी घातली. थोड्या वेळाने सिस्टर मोजपट्टी घेऊन आल्या. आता बाबा ऐकत नव्हते. मग कोणाची लाज राखायची होती? मी म्हणालो, "उंची सांगितली आहे, सिस्टर." शेजारच्या खाटेवरून हाक आली, त्या तिकडे गेल्या. लाज बाबांची नव्हती — माझी होती. मी खोटे बोललो हे उघड झाले असते. एवढेच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांतला दाब वाढतो आहे, हवा कमी करून पाहतो. मी मान डोलावली. मांजलपूरला घरी गेलो, जेवलो, परत आलो. तेव्हाही बोललो नाही. मग उजवे फुप्फुस फुटले. छातीत नळी घालावी लागली. बाबा पुन्हा शुद्धीवर आले नाहीत.

आजारच भारी होता, डॉक्टर म्हणाले. असेलही. माझ्या एका शब्दाचा त्यात किती वाटा, हे कोणी तपासले नाही. तपासावे असे मी कोणाला काही सांगितलेच कुठे?

तिरडीचे सामान आणायला मीच गेलो. बांबू कापण्याआधी दुकानदाराने करवत हातात घेऊन विचारले, "बापुजीनी हाइट केटली?"

"साडेपाच फूट," मी म्हणालो. क्षणभरही थांबलो नाही.