आगीनगावचे नवे भाग

हे मी घरात बोललेलो नाही. कॉलेजातल्या मित्रांशीही नाही. खरं तर बोलायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलून मोकळा झालो. लिहिताना निदान समोर कुणाचा चेहरा नसतो — म्हणून तुम्हाला सांगतोय.

गोष्ट लहान मुलांच्या एका मालिकेची आहे. हसू येईल तुम्हाला. वीस वर्षांचा मुलगा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि अजून आगगाड्यांची कार्टून मालिका बघतो? हो, बघतो. ‘आगीनगाव’ तिचं नाव. परदेशातली आहे, पण आम्ही लहान असताना ती मराठीत यायची. डोंगराच्या पायथ्याचं एक यार्ड, त्यात सहा-सात इंजिनं, आणि प्रत्येकाच्या पुढचा दिवा म्हणजेच त्याचा डोळा. राग आला की दिवा लाल व्हायचा, झोप आली की मिणमिणायचा. बस्स, एवढंच. सगळ्या इंजिनांचे आवाज एकच माणूस काढायचा आणि मधूनमधून तो गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यात वाफेचा आवाज यायचा. मला वाटतं, आम्ही त्या आवाजासाठीच ती बघायचो.

आम्ही म्हणजे मी आणि आत्या.

आत्या बाबांची थोरली बहीण. उरणच्या बाजूला दिली होती, तिचा नवरा वारला तशी ती कामोठ्याला आमच्याकडे आली. मी तेव्हा बालवाडीत. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी, आई दोन सेक्टर पलीकडे पोळ्या लाटायला जायची, त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघंच. आत्या सुके बोंबील निवडत टीव्हीपुढे बसायची आणि इंजिनांना नावं ठेवायची. सरदार नावाचं मेलगाडीचं इंजिन तिला अजिबात आवडायचं नाही. “जल्ला मेला, नुसता मिरवतो. डबं कोन जोडतं? दगडू.” दगडू म्हणजे यार्डातलं सगळ्यात जुनं, काळं इंजिन. तो यार्डाच्या बाहेर कधी जायचा नाही. डबे ढकलायचा, जोडायचा आणि दिवसभर कुरकुरायचा. आत्याचा त्याच्यावर जीव. त्याची कुरकुर सुरू झाली की ही त्याच्या बाजूने बोलायची, अगदी शेजारणीशी भांडावं तसं.

पुढे मराठीतली मालिका बंद झाली. मी मोठा झालो. आणि मी कॉलेजात गेलो त्या वर्षी ‘आगीनगाव’चे नवे भाग आले — मोबाइलवर, फक्त इंग्रजीत.

इथपर्यंत काही बिघडलेलं नाही. इथून पुढे मात्र मला थोडं थांबत थांबत सांगावं लागेल.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. ह्याचा अर्थ काय होतो ते ज्याच्या घरी असं झालंय त्यालाच कळेल. गॅसवाल्याचा मेसेज मी वाचायचा. बाबा नाक्यावर कुणाशी बोलताना मध्येच सांगणार, “आमच्या पोराला इंग्लिश येतं.” मी तिथेच उभा असायचो, खाली बघत. येत होतं का मला इंग्रजी? पुस्तकातलं वाचता येत होतं, प्रश्नाचं उत्तर पाठ करून लिहिता येत होतं. वर्गात सर बोलायचे ते अर्धं कळायचं, उरलेलं मी बाजूच्याच्या वहीत बघायचो. पण हे घरी कसं सांगणार?

पहिला नवा भाग आम्ही दोघांनी खिडकीपाशी बसून लावला. आत्या म्हणाली, “मना नाय कलनार. तू सांग ना र बाला. तुना येतं आता.”

भाग सुरू झाला आणि मला काहीच कळेना. ती इंजिनं इतकं भराभर बोलत होती. मधेच ‘ब्रिज’ ऐकू आलं, मधेच ‘टुमारो’. नावंसुद्धा वेगळी. दगडूला इंग्रजीत भलतंच काही म्हणतात, हे मला तिसऱ्या भागात कळलं. आत्या माझ्याकडे तोंड करून बसली होती. नुसतं ‘मला समजत नाहीये’ म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, “दगडू सांगतोय की उद्या पुलावरून जाऊ नका.”

आणि ते सुरू झालं.

आत्याला पडद्यावर काय चाललंय ते का दिसलं नाही, असं तुम्ही विचाराल. तिच्या डोळ्यांवर तेव्हाच साय धरायला लागली होती. मोबाइलवर तिला नुसते रंग हलताना दिसायचे. लाल आला की विचारायची, हा सरदार काय? मी हो म्हणायचो.

मग मला ते जमायलाच लागलं. जिथे कळायचं नाही तिथे मी माझं घालायचो, आणि हळूहळू सगळंच माझं होत गेलं. खरं सांगू? नवे भाग मला आवडलेही नव्हते. दिवे जाऊन आता इंजिनांना पापण्या आल्या होत्या, त्या सारख्या उघडझाप करायच्या. दर दोन वाक्यांनंतर गाणं. कुणी गप्पच बसेना, वाफ ऐकूच येईना. आणि दगडूला त्यांनी कोपऱ्यात उभा करून ठेवलेला, पाच-सहा भागांनंतर तर तो दिसेनासाच झाला. ह्या मालिकेच्या चाहत्यांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात मी हे सगळं लिहायचो. ‘नव्या भागांत संवाद कमकुवत आहेत’ असंही एकदा लिहिलं. संवाद. मला एक ओळ धड कळली नव्हती.

पण माझ्या भागांत दगडू होता. रोज होता. त्याने दरड कोसळलेल्या बोगद्यातून डबे मागे ओढले, त्याने सरदाराला चढ चढवला, एकदा तो रुसून दोन दिवस शिट्टीच वाजवेना. आत्या गुडघ्यावर थाप मारून हसायची. “बघ, मी काय बोल्ले? दगडूबिगर पान नाय हालत.” संध्याकाळी आई आली की तिला सगळं पुन्हा सांगायची, आणि शेवटी म्हणायची, “बाला किती बेस सांगतो इंग्लिशचा.” आई माझ्याकडे बघायची. त्या बघण्यात जे असायचं ते मी इथे लिहू शकत नाही.

एवढंच असतं तर मी हे सांगायला बसलो नसतो. एका म्हाताऱ्या बाईला खोट्या गोष्टी सांगितल्या — त्यात कुणाचं काय गेलं?

गावातल्या समाजमंदिरात डोळ्यांचं शिबिर होतं. बाबा कामावर, म्हणून आत्याला घेऊन मी गेलो. तोवर तिचं बरंच अडायला लागलं होतं. चहा ओतताना कपात बोट धरायची, भरला का ते कळावं म्हणून. तपासलं, मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डोळ्यांत थेंब घालून तिला बाहेर बाकावर बसवलं आणि डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. त्या मराठीतच बोलल्या, मला शब्द न शब्द कळला. म्हणाल्या, “थांबू नका. लवकर केलंत तर सोपं जाईल. पुढच्या आठवड्यातच घेऊन या, एक डोळा करून टाकू. मग सगळं स्वच्छ दिसेल त्यांना.”

सगळं स्वच्छ दिसेल.

मी बाहेर आलो. आत्या डोळे मिटून बसली होती, गालावर थेंब ओघळले होते. माझ्या चपलांचा आवाज ओळखून तिने विचारलं, “काय बोलला डाक्टर? कापावा लागंल काय?” ती घाबरलेली होती. पण मी जर हो म्हटलं असतं तर ती आली असती, हेही मला माहीत होतं. आणि त्याच क्षणी मला काय दिसलं असेल? आत्या मोबाइल हातात घेऊन बसलीय आणि पडद्यावर दगडू नाहीये. मी सांगतोय एक, गाड्या करतायत दुसरंच. मग ती आईला सांगणार, आई बाबांना, आणि बाबा नाक्यावर —

मी म्हटलं, “मोतीबिंदू अजून पिकायला हवा म्हणाल्या. थोडं थांबू.”

तिला हायसं वाटलं. माझा हात धरून उठली. रस्त्याने म्हणाली, “तू व्हतास म्हनून बरा. मना त्यांचा बोलना कललाच नसता.”

हेच ते. हेच सांगायचं होतं.

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मी तिला गोष्टी सांगितल्या. डोळे बिघडत गेले तशा माझ्या गोष्टी जास्त रंगत गेल्या, कारण आता तिला रंगही नीट कळत नव्हते, अडवणारं काही उरलंच नव्हतं. पळस्प्याला चुलतबहिणीची हळद होती. आत्या कौतुकाने पुढे गेली, मांडवात बसलेल्या एका मुलीच्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली, म्हणाली, “माझी चिमनी, किती गोड दिसतंय नवरी.” सगळा मांडव हसला. कुणीतरी ओरडलं, “आत्या, नवरी तिकरं हाय. ही करवली.” एक मामी म्हणाली, “आता इचाच लगीन लावा तं.” आत्याही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. परतताना रिक्षात मात्र ती पदर चाचपत बसली होती. कळंबोलीचा पूल आला तेव्हा म्हणाली, “मी आता नाय जायाची कुनाच्या हलदीला.”

मी बाजूलाच होतो. तेव्हा तरी सांगायचं ना? तेव्हाही सांगितलं नाही. उलट घरी गेल्यावर तिला बरं वाटावं म्हणून एक नवा भाग रचला.

शेवटी आईनेच लावून धरलं. पुढच्या शिबिराला बाबांनी सुट्टी टाकली आणि आत्याला घेऊन आम्ही दोघं गेलो. ह्या वेळी दुसरे डॉक्टर होते. त्यांनी दिवा मारून बघितलं आणि विचारलं, “इतके दिवस काय करत होतात? मोतीबिंदू कडक झालाय.” आत्या म्हणाली, “मागच्या डाक्टरनीच सांगितला व्हता थांबा म्हनून.” डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. बाबा म्हणाले, “शिबिरात काय, शिकाऊ असतात कोनपन.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मागच्या वेळी मीच होतो. मी मान हलवली. त्या डॉक्टरबाई माझ्याशी किती नीट बोलल्या होत्या — आणि मी मान हलवली.

ऑपरेशन झालं. नेहमीपेक्षा वेळ लागला, सूज उतरायलाही दिवस लागले, पण त्या डोळ्याने दिसायला लागलं. पट्टी काढली तेव्हा आत्याने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, बराच वेळ. म्हणाली, “किती कालवंडलास रं. आनि ही मिशी कवाची?” घरभर फिरून तिने भिंतीवरचे डाग मोजले, आईला म्हणाली, चूल कुनी पुसली नाय वाटतं. असं हसलो आम्ही त्या दिवशी. मीही हसलो.

मोबाइलचं तिने दोन-चार दिवसांतच काढलं. नेट नाही, चार्जिंग नाही, परीक्षा आहे — मी टाळत राहिलो. मग एका दुपारी तिने माझ्यापुढे ताटली सरकवावी तसा मोबाइल सरकवला आणि चष्मा लावून बसली.

मी ताजा भाग लावला. ती बघत होती. एवढी एकाग्र मी तिला कधी बघितली नव्हती. मी काही सांगत नव्हतो आणि तीही काही विचारत नव्हती. भाग संपल्यावर म्हणाली, “दगडू कुठं हाय?”

“आज नव्हता,” मी म्हटलं.

“मंग आधीचं लाव. तू सांगितलेलं. वासरू रुळावर येतं आनि दगडू त्याच्यासाठी उभा र्‍हातो, तो लाव. इतकं दिवस नुसता ऐकलाय. डोलं आलं की पयला तोच बघायचा, असा ठरवला व्हता मी.”

ऑपरेशनला जाताना ती घाबरली कशी नाही, ह्याचं आईला नवल वाटलं होतं.

तो भाग नाहीये. तो मी रचलेला, एका पावसाळी संध्याकाळी, तिच्या शेजारी बसून. असले पन्नास तरी असतील. तिच्याकडे आता बघायला डोळा होता आणि माझ्याकडे तिला दाखवायला काहीच नव्हतं. ती वाट बघत होती. मला वाटतं, मी तेव्हा काहीही बोललो असतो तरी तिने ऐकून घेतलं असतं. खरंसुद्धा.

मी म्हटलं, “ते जुने भाग काढून टाकले त्यांनी.”

“असं कसं काढलं?” ती खरंच चिडली. “तेच तर बेस व्हतं.” कंपनीला दोन शिव्या घातल्या. चष्मा काढून पदराने पुसला आणि माझ्याकडे वळून बसली. “जाऊ दे. मंग तूच सांग. आधी सांगायचास तसा.”

आणि तिने डोळे मिटले — नवा केलेलाही.

मी सांगायला लागलो. वासराचा भाग, अगदी पहिल्यापासून. एकदाही अडखळलो नाही.