डावखुऱ्याची खाच

फोटो छापून आला त्या दिवसापासून माझ्या पायाला थारा नव्हता. फोटोत मी टेसनच्या मालधक्क्यावर उकिडवा बसलो आहे, हातात हूक आहे, आणि खाली छापलं आहे की दगडातली ही खाच याच हमालानं हूक घासून घासून पाडली. टेसनचं आता संग्रहालय होऊन राह्यलं आहे, त्याच्या भिंतीवर हा फोटो लागणार होता. अन् ती खाच माझी नव्हती.

चौथीपर्यंत शिकलो आहे. झालं तसं सरळ लिहितो.

आमच्या गावातून छोटी गाडी जायची. रूळ इंग्रजाच्या कंपनीनं टाकले, ते काही आमच्या फिरण्यासाठी नाही, कापसासाठी. जिनिंगमधून गाठी बैलबंडीत भरून धक्क्यावर यायच्या आणि आम्ही त्या डब्यात चढवायचो. एका गाठीला दोन माणसं, दोघांच्या हाती एकेक लोखंडी हूक. हुकाचं टोक बोथट झालं की गाठ सुटते आणि पायावर येते. म्हणून गाडीची वाट पाहताना सगळे हमाल धक्क्याच्या काठावर बसायचे, लोट्यातलं पाणी शिंपडायचे आणि टोक घासायचे. माझ्या बापानं तिथंच घासलं, मीही तिथंच. काळा दगड तो, पण बोटबोट खोल खाचा पडल्या त्याला.

पुढे गाठी ट्रकनं जाऊ लागल्या. गाडी माणसांपुरती उरली, मग तीही बंद पडली. टेसनात बकऱ्या बसायला लागल्या. मास्तरच्या खिडकीचे गज कोणी उपटून नेले. तरी मी रोज एक चक्कर मारून यायचो. सवय.

मग संग्रहालयाचं निघालं. नागपूरहून एक मॅडम यायची, हुशार पोरगी. मास्तरची खुर्ची, कंदील, तिकिटाची पेटी, सारं तिनं कुठून कुठून शोधून आणलं. एका सकाळी गेलो तर ठेकेदाराची माणसं पहार घेऊन मालधक्क्याशी उभी. काठ पार झिजला आहे, पब्लिक अडखळून पडेल, हे दगड काढून सिमेंटचे गट्टू बसवायचे, असं ठेकेदारानं सांगितलं. मी त्या काठावर जाऊन बसलो. उठा म्हणाले, उठलो नाही. ऊन डोक्यावर आलं. सुनेनं डबा पाठवला, तो तिथंच खाल्ला.

दुपारी मॅडम आली. तिला खाचांची हकीकत सांगितली तर ठेकेदार हसला.

"पाण्यानं झिजला दगड, बाबाजी. कायले उगाच इतिहास सांगून राह्यले?"

मग मी त्यांना ती खाच दाखवली. बाकी साऱ्या एका बाजूला कललेल्या, उजव्या हाताच्या. ही एकच उलटी, अन् बाकीच्यांपेक्षा उथळ.

"पाणी डावखुरं असते काय?" मी विचारलं.

मॅडम गुडघे टेकून बसली. खाचेतून बोट फिरवलं, मग शेजारच्या दुसरीतून. उठली आणि काम थांबवलं तिनं. काठ जसा आहे तसाच राहील म्हणाली. मग मला विचारलं, "आजोबा, ही तुमची?"

भोवती दहा-बारा लोक. ठेकेदार माझ्याच तोंडाकडे पाहत होता. माझी कोणती ते मलाच माहीत नाही म्हटलं असतं, तर त्यानं परत दात काढले असते. मी हो म्हटलं. हूक डाव्या हातात धरला आणि फोटो काढू दिला.

खाच माझ्या जोडीदाराची. तो मुसलमान, टेसनमागच्या वस्तीतला. अख्ख्या धक्क्यावर डावखुरा तो एकटा, म्हणून त्याच्या खाचेत दुसरं कोणी बसत नसे. गाठीच्या एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं तो, कोपराला कोपर कधी लागलं नाही. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली.

आठ दिवस मी घरून टेसनावर, टेसनावरून घरी. सून म्हणे, बाबा, बसा ना एका जागी. बसलो की उठावंसं वाटे. दगड तर वाचला ना, असं मनाला सांगून पाहिलं. मेलेला माणूस वाचायला येत नाही, तेही सांगून पाहिलं. पण त्याच्या पोराचं बसस्टँडजवळ गॅरेज आहे. तो रस्ता सोडून मी लांबून जाऊ लागलो. शेवटी त्यानंच मला गाठलं, हात पुसत आला, चहा मागवला.

"चाचा, तुमचा फोटो लागून राह्यला म्हणे. अब्बा असते तर लय खूश झाले असते."

चहा तसाच ठेवला. त्याला बाजूला नेलं, चार गिऱ्हाइकांसमोर सांगवेना, आणि सांगितलं. तो हातातला पान्हा फिरवत राहिला.

"अब्बाचा फोटोबी नाई आमच्या घरी," तो म्हणाला. "अन् तुमी थे खाचबी घेतली?"

शिवी दिली असती तर मी दोन परत दिल्या असत्या. म्हटलं, चल, गाडी काढ.

मॅडमसमोर उभा राहून बोललो. ठेकेदारही होता, तोही ऐकत होता. ऐकू दे. मॅडम रागावली नाही, फोटो तेवढा बाजूला ठेवला. पोरगा खाचेपाशी बसला, पँटला हात पुसले आणि तिच्यात बोट घातलं. बराच वेळ उठला नाही. आता तिथं त्याच्या बापाचं नाव आहे, त्यानं सांगितलं तसं.

निघताना मॅडमनं सहज विचारलं, "मग तुमची कोणती, आजोबा?"

तेव्हापासून मी काठ तपासतो आहे. उजव्या हाताची सारी माणसं रिकामी दिसेल त्या खाचेत बसायची. एकीत बाप बसला असेल, त्याच्यानंतर मी, मग आणखी कोणी. हे मला कळतं. तरी हूक एकेका खाचेत ठेवून पाहतो, हाताला ओळख पटेल म्हणून. पटत नाही. सून म्हणते, कोणतीबी एक दाखवा अन् मोकळे व्हा. तसं एकदा केलं मी. पूर्वेकडचा काठ अजून राहिला आहे, उद्या ऊन व्हायच्या आत जाईन.