चार बोटांचा ठोकळा

नॉर्मन ओल्ड्रॉइडने अडतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. यॉर्कशायरमधल्या आमच्या क्रॅगथॉर्प गावात असा खाटीक नव्हता ज्याचा तराजू त्याने उलटासुलटा करून पाहिला नाही, आणि असा पब नव्हता जिथे त्याने ग्लासातला फेस खाली बसायची वाट पाहून मग बिअर मोजली नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या पेट्रोलपंपाला त्याने चमचाभर तेल कमी भरतं म्हणून सील ठोकलं, आणि त्याच ख्रिसमसला त्याच मेव्हण्याच्या घरी जेवायला गेला. ताटात मोजून दोन बटाटे पडले. नॉर्मनला त्यात टोमणा दिसलाच नाही, मोजून वाढणारा माणूस त्याला आवडायचा.

असा माणूस निवृत्त झाला की त्याचं करायचं काय, हा गावाला प्रश्न पडतो. आमच्या सायकल क्लबाने तो प्रश्न सोडवला आणि त्याला कॅप्टन केलं. त्याला आता तेरा वर्षं झाली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता घड्याळाच्या मनोऱ्याखाली क्लब जमतो, आणि नॉर्मन खिशातून ठोकळा काढतो.

ठोकळा ओकच्या लाकडाचा, बरोबर चार बोटं उंच. नॉर्मनने तो स्वतः तासलेला. हिवाळ्यात आमच्याकडे रस्ते कोरडे म्हणून नसतातच. पाऊस, वितळलेला बर्फ, नगरपालिकेने बर्फावर टाकलेलं मीठ आणि मेंढ्यांचा प्रसाद यांचा एक काला सगळीकडे पसरलेला असतो. पुढच्या सायकलचं चाक तो उचलतं आणि मागच्याच्या तोंडावर फेकतं. म्हणून ऑक्टोबरअखेर हिवाळ्यासाठी देशभर घड्याळं एक तास मागे केली की सायकलला मडगार्ड हवं, आणि मागच्या मडगार्डला खाली प्लॅस्टिकचं शेपूट हवं. भांड्याच्या साबणाची बाटली कापून ते करायचं असतं. शेपूट जमिनीपासून चार बोटांवर आलं पाहिजे. ठोकळ्याला टेकलं तर ठीक, नाही टेकलं तर त्या माणसाने सगळ्यांच्या शेवटी जायचं, म्हणजे त्याचा चिखल खायला मागे कुणी नको. गेल्या तेरा वर्षांत या ठोकळ्याने दोन डॉक्टर, एक न्यायाधीश आणि खुद्द आमचे पाद्री मागे पाठवले आहेत. पाद्री म्हणाले होते, "नॉर्मन, देवाच्या दारीसुद्धा इतकं बारीक बघत नाहीत." नॉर्मन म्हणाला, "म्हणून तिथे गर्दी असते."

दुसरा नियमही नॉर्मनचाच. मैल पंचवीस झाले की आम्ही डोंगरापलीकडच्या गावात बेरिलच्या कॅफेत थांबतो. बेरिल चहाची मोठी किटली आणते. ती सगळ्यांच्या कपांत ओतून होईपर्यंत जो दारातून आत आला नाही, तो 'मागे राहिला'; ठोकळ्याने शेवटी पाठवलेल्याला तेवढं यात धरत नाहीत. एका हिवाळ्यात तीनदा मागे राहिला की रविवार बंद, पुढच्या आठवड्यापासून शनिवारच्या मंडळींत जायचं. शनिवारची मंडळी कालव्याच्या काठाने सपाट जातात, अकरा मैलांत दोनदा केक खातात आणि बदकांना नावं ठेवतात, म्हणजे खरोखरची नावं, डेझी, विन्स्टन अशी. नॉर्मनने एकोणीस माणसं शनिवारात धाडली. एकोणिसावा विल्फ, त्याचा शाळेपासूनचा मित्र. दोघांनी मिळून जवानीत अख्खा स्कॉटलंड पालथा घातला होता. विल्फ तिसऱ्यांदा दारात आला तेव्हा शेवटचा कप अर्धा भरला होता. तो भरेपर्यंत त्याचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. नॉर्मन पायाकडे बघत म्हणाला, "दोन्ही पाय धरतात, विल्फ."

आता सांगायची गोष्ट अशी, की या हिवाळ्यात नॉर्मन स्वतः दोनदा मागे राहिला होता.

नोव्हेंबरात त्याने साखळीला दोष दिला. डिसेंबरात तो म्हणाला, की खाटकाचा फोन आला, टर्कीचं वजन ठरवायचं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण खाटीक खरंच नॉर्मनला विचारल्याशिवाय टर्की तोलत नाही. पण त्र्याहत्तराव्या वर्षी साखळीत काय असतं आणि छातीत काय असतं, ते नॉर्मनला पक्कं ठाऊक होतं. जानेवारी-फेब्रुवारी असे दोन महिने काढायचे होते आणि शनिवार आता एकाच चुकीवर येऊन ठेपला होता. फटीत बोट अडकल्यावर माणूस हलत नाही, तसा तो त्या हिवाळ्यात जगत होता.

तिसऱ्या चुकीची वाट सगळ्यांत आतुरतेने लिंडन बघत होता. लिंडन आमचा उपकॅप्टन, घरं विकण्याचा धंदा. त्याचे मोजे विजेवर गरम होतात. सायकलच्या हँडलवर छोटा संगणक आहे, तो त्याला सांगतो की तू आता दमला आहेस. आम्हाला ते फुकटात कळतं. लिंडनचं म्हणणं, मडगार्ड जुनाट, ठोकळा त्याहून जुनाट, क्लबाने वेगाकडे बघावं. नॉर्मन शनिवारात गेला की कॅप्टनची शिट्टी आपोआप लिंडनच्या गळ्यात येणार होती.

आणि शेवटी जाणारी टॅमसिन. जनावरांची डॉक्टर, लंडनहून आलेली, चाळिशीची, पायांत घोड्याचं बळ. तिची सायकल शर्यतीची, पिसासारखी हलकी, तिला मडगार्ड बसायला भोकंच नाहीत. ऑक्टोबरपासून दर रविवारी नॉर्मन ठोकळा घेऊन वाकायचा, शेपूट नसलेल्या हवेत तो ठोकळा धरायचा, आणि म्हणायचा, "मागे." ती हसून मागे जायची.

जानेवारीचा दुसरा रविवार. बोचरा वारा, तिरका गारठलेला पाऊस. शहाण्या माणसाने अंथरुणातून पाय काढू नये असा दिवस, म्हणून क्लबातले चौदाच्या चौदा हजर. ठोकळा झाला, टॅमसिन मागे गेली, नॉर्मनने शिट्टी मारली आणि स्वतः पुढे झाला.

अठरा मैल ठीक गेले. मग फाशीचा चढ आला. त्या चढावर पूर्वी चोरांना लटकवायचे म्हणे. आता आम्ही आपणहून जातो. निम्म्यावर नॉर्मनच्या शेजारून लिंडन गेला. "काय कॅप्टन, साखळी?" त्याने विचारलं. नॉर्मनने मान हलवली, बोलण्यापुरता श्वास नव्हता. मग बाकीचे गेले, एकेक करून, नजर रस्त्यावर ठेवून. त्यांच्यात दयाळूपणा होता आणि तोच त्याला झोंबला. माथ्यावर पोचला तेव्हा पुढे माळ पसरला होता, समोरून वारा अंगावर येत होता, आणि क्लबाचे रंगीत पाठमोरे ठिपके दूर चालले होते. मागे फक्त टॅमसिन होती.

माळावर तीन मैल वारा तोंडावर. पुढे कुणी वारा कापणारं असलं तर त्याच्या चाकामागे बसून म्हातारा माणूसही निभावतो. एकट्याचं काम नाही. टॅमसिन निवांत त्याच्या मागे येत होती.

"तू जा पुढे, पोरी," नॉर्मन म्हणाला. "माझ्यासाठी रेंगाळू नकोस."

"मला पुढे जायला बंदी आहे, कॅप्टन. सगळ्यांत शेवटी, असं तुम्हीच सांगितलंत."

"ते खरं."

"माझ्या मागे कुणी बसायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत."

नॉर्मनने आणखी अर्धा मैल वारा खाल्ला. ठिपके लहान झाले. लवकरच बेरिल किटली चुलीवरून उतरवणार होती. त्याला विल्फचा उंबऱ्याबाहेरचा पाय दिसला. त्याला ती डेझी, तो विन्स्टन दिसला. अडतीस अधिक तेरा, इतकी वर्षं जे माप त्याने कुणासाठी केसभर हलवलं नव्हतं, ते त्याने आता सरकवलं.

"पुढे हो," तो म्हणाला.

"चिखल उडेल."

"उडू दे."

"खूप उडतो हो. मला कुणी सांगितलं नाही, पण माझी पाठ मी बघते ना घरी."

"टॅमसिन, पुढे हो म्हणतो ना."

ती पुढे झाली आणि नॉर्मन तिच्या मागच्या चाकाला हातभर अंतरावर चिकटला. वारा थांबला, खिडकी लावल्यासारखा. आणि चिखल सुरू झाला. मीठ, बर्फाचं पाणी, मेंढ्यांचं सगळं काही, एका सरळ धारेत कपाळापासून हनुवटीपर्यंत. तोंड उघडलं की जिभेवर, म्हणून तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा, आणि नाक त्या वयाला पुरत नाही. चष्म्यातून काही दिसेना. पण चाकाचा आवाज येत होता, आणि तो आवाज लांब जाऊ दिला नाही म्हणजे झालं. ज्या घाणीपासून त्याने तेरा वर्षं क्लबाला वाचवलं होतं, तिच्या जोरावर कॅप्टन माळ ओलांडत होता.

बेरिल तेराव्या कपाशी होती तेव्हा दार उघडलं. नॉर्मनने दोन्ही पाय आत घेतले.

लिंडनच्या तोंडाशी आलेला घास असा गेला, त्याचा चेहरा पडला. मग त्याने नॉर्मनचा चेहरा पाहिला आणि त्याचा स्वतःचा पुन्हा उजळला. नॉर्मनच्या तोंडावर, बरोबर मधोमध, चार बोटं रुंद काळा पट्टा होता. बाकी चेहरा स्वच्छ. असा पट्टा एकाच ठिकाणी मिळतो, आणि ते ठिकाण टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं.

"नॉर्मन, गोठ्यात तोंड घातलंस की काय?" बेरिल म्हणाली आणि तिने ओलं फडकं दिलं.

"कॅप्टन," लिंडन म्हणाला, "कुणाच्या चाकामागे बसलात?"

बीन्स घातलेल्या टोस्टवर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नॉर्मनने तोंड पुसलं, सावकाश, चष्म्यासकट.

"तपासणी करत होतो," तो म्हणाला. "नियम केला की त्याची कधीतरी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागते. खात्यात दर पाच वर्षांनी घ्यायचो."

"मग काय आढळलं?"

"नियम योग्य आहे."

कुणीतरी चहात फुर्रकन हसलं. लिंडन पुढे काही बोलणार तोच टॅमसिन म्हणाली, "मीच म्हटलं त्यांना, बसून बघा. माझा विश्वासच नव्हता एवढा उडतो यावर. आता त्यांचं तोंड बघून पटलं. पुढच्या रविवारी मडगार्ड लावून येते. शेपटासकट."

टाळ्या पडल्या. नॉर्मनच्या तेरा वर्षांतला सगळ्यांत मोठा विजय होता. त्याने लोणी लावलेल्या पावाचा तुकडा उचलला आणि तसाच परत ताटलीत ठेवला. मडगार्ड लावलं म्हणजे टॅमसिन ठोकळ्याला टेकणार. टेकली म्हणजे पुढे जाणार, तिथल्या त्या तगड्या पायांच्या मंडळींत. आणि फाशीच्या चढावर मागे फक्त वारा उरणार.

ऑड्री, त्याची बायको, बुधवारी म्हणाली, "शनिवारी गेलास तर काय बिघडतं? विल्फ असतो तिथे."

"तिथे सपाट आहे."

"तुझ्या वयाला सपाटच बरं."

"आणि तिथे कुणी मोजत नाही," नॉर्मन म्हणाला. त्याचं दुखणं नेमकं तेच होतं, पण ऑड्रीला ते कौतुक वाटलं.

शुक्रवारी बाजारात विल्फ भेटला. गालावर तुकतुकी, पोट थोडं पुढे. "काय रे नॉर्मन, दोन झाल्या म्हणे?" तो म्हणाला. "ये की. तुझ्यासाठी एक बदक बिननावाचं ठेवलंय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. सहा वर्षं झाली, नॉर्मन त्या रागाची वाट बघत होता, आणि तो कधी येत नव्हता. "तुझा पाय आत होता, विल्फ," असं म्हणावं असं नॉर्मनला वाटलं. पण पाय आत नव्हता. तो म्हणाला, "बघू," आणि कोबी न घेताच घरी गेला.

रविवारी नऊ वाजता मनोऱ्याखाली टॅमसिन आली. शर्यतीच्या सायकलला पट्ट्या बांधून बांधून काळी मडगार्डं बसवली होती, आणि मागे पिवळ्या बाटलीचं लांब शेपूट. सगळ्यांनी वाहवा केली. लिंडनने शिट्टीकडे पाहिलं. नॉर्मनने ठोकळा काढला, गुडघे कुरकुरत असताना वाकला, आणि तो शेपटाखाली सरकवला.

शेपूट टेकलं. टेकून वर थोडं वाकलंसुद्धा. त्याने ठोकळा पुन्हा काढून पुन्हा लावला. टॅमसिनही वाकून बघत होती. बाकीच्यांना दोघांच्या पाठीच दिसत होत्या.

"बोटभर आखूड आहे," नॉर्मन म्हणाला. "मागे."

"कापताना पट्टीने मोजलं होतं," टॅमसिन हळूच म्हणाली. तिची नजर ठोकळ्यावर होती, ठोकळ्यावर टेकलेल्या पिवळ्या प्लॅस्टिकवर होती.

"घरची मापं अशीच असतात," नॉर्मन म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

"काय झालं?" लिंडनने पुढून विचारलं.

"आखूड आहे माझं," टॅमसिनने ओरडून सांगितलं. "मागेच राहते."

नॉर्मनने ठोकळा खिशात टाकला आणि तोंडात शिट्टी घेतली. टॅमसिन त्याच्याजवळून सायकल मागे नेताना थांबली.

"चढ संपला की मी पुढे होईन, कॅप्टन," ती म्हणाली. "आज तोंड उघडून श्वास घ्या. चिखल उडणार नाही."