अकरा गाण्यांचा कर्ता

मुरब्याच्या पुंडलिक तामोरेला बोट लागायची. जन्म बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या घरात, आणि खाडीचं तोंड ओलांडलं की गडी बोटीच्या काठावर ओणवा होऊन आतडी बाहेर पडेपर्यंत ओकायचा! बापाने तीन वर्षं वाट पाहिली आणि शेवटी हात टेकले. मग पुंडलिक मुंबईला मामाकडे राहून एका बँडवाल्याकडे क्लॅरोनेट शिकला आणि परत येऊन त्याने गावात नऊ जणांचा बँड उभा केला. माणूस भलता उतावळा. जेवायला बसला तरी बोटं ताटाच्या काठावर सूर दाबत असायची. बायको हंसा वैतागून म्हणायची, "आधी गिळा, मग वाजवा."

मुरब्यापासून मनोरपर्यंत लग्नं त्याच्याकडे यायची. वाजवण्यातला थोडा भाग सिनेमातला आणि बाकीचा जमनाआत्याचा. जमना त्याच्या बापाची बहीण, गावची धवलारीण. लग्नात हळद लागताना, उंबराची फांदी आणताना, वरमाई रुसून बसली की, अशा प्रत्येक वेळी काय गायचं ते तिलाच ठाऊक. ती गाणी तिला तिच्या सासूने दिली, सासूला कोणी दिली ते विचारायची कोणाला गरज पडली नव्हती. पुंडलिकने त्यातली अकरा गाणी क्लॅरोनेटवर बसवली होती. सातपाटीचा बँडही तीच वाजवायचा आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

१९६७ साली तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं. साहेब लोकांच्या वसाहतीत क्लब निघाला आणि दर महिन्याला वाजवायला पुंडलिकच्या बँडला बोलावणं आलं. लग्नसराई चार महिन्यांची. उरलेले आठ महिने बँडवाले सुकी मासळी निवडत बसायचे. त्यामुळे ही बोलावणी म्हणजे घबाडच होतं. दुसऱ्याच कार्यक्रमाला मुंबईहून एक गृहस्थ आले. गाणी बांधणाऱ्यांचे हक्क सांभाळणाऱ्या एका संस्थेचे ते प्रतिनिधी. गोड बोलणारे आणि अंगावर इस्त्रीचा सदरा.

"सार्वजनिक ठिकाणी गाणं वाजवायचं तर आमचा परवाना लागतो," ते म्हणाले.

"लागतो तर घेतो ना. सिनेमाची सहा गाणी वाजवतो आमी. सहांचा द्या."

"सुटा परवाना आम्ही देत नाही. घ्यायची तर सगळी यादी. हजारो गाणी आहेत."

"हजार गाणी घेऊन काय चाटू? आमी नऊ जणं. आन् बाकीची तर आमच्या आत्याची हायत!"

"ती आमच्या यादीत नाहीत हे कशावरून? म्हणून सांगतो, पूर्ण परवाना घ्या. मग काहीही वाजवा, कोणी विचारणार नाही."

सिनेमावाल्याने गाणं बांधलं, त्याचं त्याला मिळावं, हे पुंडलिकला पटत होतं. पण आत्याच्या हळदीच्या गाण्यासाठी मुंबईच्या माणसाचा कागद लागावा, हे ऐकून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरीकडे जावं तर असा परवाना देणारं दुसरं दुकानच नाही. क्लबवाल्यांनीही हात झटकले. परवाना आणा, नाहीतर येऊ नका.

त्यानंतरचे आठ दिवस तो घरात टिकलाच नाही. सकाळी सायकल काढायची, बोईसरला जायचं, स्टेशनवर उगाच उभं राहायचं आणि परत यायचं. शेवटी त्याला चंद्रभान आठवला. चंद्रभान संगमनेरकडचा, वीजकेंद्राच्या स्टोअरमध्ये कारकून, बोईसरला भाड्याच्या खोलीत राहणारा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा वाचून काढणारा माणूस.

"मास्तर, रडताय काय?" चंद्रभान म्हणाला. "अशा संस्थेला आपलं दरपत्रक जाहीर करावं लागतं. ते मान्य नसलं तर कोणीही लेखी हरकत घ्यावी, असा कायदाच आहे. दिल्लीचं मंडळ ऐकून घेतं आणि दर बदलू शकतं. एकटंच दुकान आहे म्हणून वाटेल तसं विकायचं, हे चालू नये म्हणून तर ते मंडळ."

दोघांनी अर्ज लिहायला घेतला. मागणी साधी होती. सहा गाणी वाजवणाऱ्याला सहांचाच परवाना मिळावा आणि गावच्या गाण्यांना तो लागू नये. सोबत चंद्रभानने वाजवायच्या गाण्यांचा तक्ता आखला. नाव, प्रसंग, कर्ता. सिनेमाच्या गाण्यांपुढे संगीतकारांची नावं पडली. जमनाआत्याच्या अकरा गाण्यांपुढे पेन थांबलं.

"कर्ता कोण लिहू? मोकळं सोडलं तर ते म्हणतील, आमच्याच यादीतलं आहे."

पुंडलिक क्षणभर घुटमळला. मग त्याला बोटीचा कागद आठवला. बोटीवर दहा जण जातात, पण सरकारी कागदावर नाव एकाच तांडेलाचं असतं. मासळीचा वाटा मात्र सगळ्यांचा. त्या नावाने बोट त्याची एकट्याची झाली असं मुरब्यात कोणीच समजत नाही. कागदाला एक नाव लागतं, ते दिलं, संपलं.

"माझं लिव," तो म्हणाला.

दिल्लीचं मंडळ मुंबईला येऊन हरकतीची सुनावणी लागायला वर्ष गेलं. क्लबचं काम बंदच होतं. बँडमधले दोघे बोटीवर गेले, एक वीजकेंद्रावर सिमेंट वाहायला लागला. पुंडलिकला झोप लागेना. सुनावणीच्या दिवशी इस्त्रीच्या सदऱ्यातला तो गृहस्थ आपल्या वकिलाला घेऊन हजर होता. वकिलाने तक्ता हातात धरला.

"श्री. तामोरे, ही अकरा गाणी तुम्ही स्वतः रचलीत?"

खरं सांगावं तर अर्जच खोटा ठरेल, हरकत फेटाळली जाईल, आणि वर्षभर वाट पाहणाऱ्या गड्यांना काय तोंड दाखवायचं? मंडळाचे अध्यक्ष त्याच्याकडे पाहत होते. जमनाआत्या मुरब्यात बोंबील वाळत घालत होती. तिला इथलं काय कळणार होतं?

"होय," तो म्हणाला. "माझीच हायत."

निकाल त्याच्या बाजूने लागला! संस्थेने थोडी गाणी वाजवणाऱ्यांसाठी वेगळा दर ठेवावा, सगळी यादी गळ्यात मारू नये, आणि तामोरे यांच्या स्वतःच्या अकरा रचनांना परवाना लागू नये. बोईसरला चंद्रभानने पेढे वाटले. क्लबचं बोलावणं परत आलं, बोटीवर गेलेले गडी परत आले. गावात पुंडलिकची छाती दोन बोटं पुढे आली, आणि ते खोटं नव्हतं. एका बँडवाल्याने मुंबईच्या एकट्या दुकानाला वठणीवर आणलं होतं.

महिन्याभराने संस्थेचं पत्र आलं, अगदी आदराने लिहिलेलं. आपण अकरा रचनांचे कर्ते आहात, तरी सभासद व्हावं. इतर बँडवाले ही गाणी वाजवतील तर त्यांनाही परवाना घ्यावा लागेल, तो आम्ही पाहू. पुंडलिकने पत्र ट्रंकेत तळाशी घातलं. उत्तर दिलं नाही आणि फाडलंही नाही. हंसाने विचारलं, "काय हाय त्यात?" तर तिच्यावरच खेकसला. वास्तविक तो स्वतःवर चिडला होता, पण तेवढं म्हणायची हिंमत कुठली!

पत्र तळाशी राहिलं, बातमी मात्र राहिली नाही. सातपाटीच्या बँडने ती गाणी सोडून दिली. त्यांचा ढोलवाला बाजारात भेटला तेव्हा सहज म्हणाला, "तुझी गाणी कोर्टात लागलीत म्हणं. आमाला नको भानगड." पुंडलिकने हसून वेळ मारून नेली. तसं काय नाय, वाजवा की, असं सांगायला तो मागे वळला, तोवर ढोलवाला गर्दीत दिसेनासा झाला होता. त्याच्यामागे धावत जाता आलं असतं. तो गेला नाही.

वैशाखात मुरब्यातच एका घरी लग्न होतं. अंगणात मांडव, पाटावर नवरी, हळदीची वाटी तयार. बँड एका अंगाला बसला होता. बायकांनी जमनाआत्याला पुढे केलं. सत्तरीची म्हातारी, गुडघे धरत बसली, घसा खाकरला आणि तोंड उघडून तशीच थांबली. मान वळवून तिने पुंडलिककडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता की टोमणा नव्हता. सरकारात लिहिलेल्या गोष्टीला मान द्यायचा, एवढंच तिला कळत होतं.

"पुंडलिका," ती म्हणाली, "हलदीचं म्हनू का रं?"

मांडवातल्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. ती वेळ कशीतरी निभावून जावी म्हणून तो घाईघाईने हात हलवत बोलला, "म्हन, म्हन गो आत्या!"

आत्याने समाधानाने मान डोलावली आणि गाणं सुरू केलं. आपण काय करून बसलो ते त्याला तिसऱ्या ओळीला कळलं. तिच्या सासूच्या गाण्याला त्याने परवानगी दिली होती.