हत्तीणीचा राग आणि माझा क्रीम रंगाचा सफारी

लग्न ठरायच्या आधी मला दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि दोन्हींचं कारण एकच. मला समोरच्याला समजावून सांगायची खोड आहे. पहिल्या मुलीचे वडील बसवर ड्रायव्हर होते. घाटात गिअर कधी बदलावा, हे मी त्यांना पोहे खाता खाता सांगितलं. मला स्वतःला त्या काळात उतारावर सायकलचीसुद्धा भीती वाटायची. दुसऱ्या घरी मुलीच्या आईला तिचे पोहे नेमके कुठं बिघडले ते सांगितलं. ती माउली शेवटपर्यंत मान डोलवत होती, म्हणून मी समजलो की पसंत पडलो.

तिसरं स्थळ पडेगावचं आलं. घरचा मळा, मुलगी बारावी झालेली. मुलीचा फोटो मी आईच्या नकळत चार वेळा पाहिला होता आणि मला ती फार आवडली होती, हे इथंच सांगून टाकतो.

आई म्हणाली, "आता हे शेवटचं. यापुढं तुझ्यासाठी मी कुणाच्या दारात जाणार नाय. तिथं तोंड उघडायचं नाही."

"मग घरी नकोच," मी म्हणालो. "बागेत भेटू. समोर पोहे आले की मला बोलायला होतं."

खरं कारण निराळं होतं. आमच्या शहरातल्या बागेत तेव्हा एक हत्तीण होती, आणि माझ्याकडं हत्तींविषयीचं ताजं ज्ञान होतं. शहागंजातून शेंगदाणे आणले होते. पुडीचा कागद वाचल्याशिवाय मला टाकवत नाही. त्यावर, हत्ती आपल्या मनातलं अंगानं कसं सांगतो, असा लेख होता. कान, सोंड, शेपूट, पाय, सगळं होतं. फक्त पुडीवाल्यानं कागद उभा फाडलेला, त्यामुळं प्रत्येक वाक्याचं डोकं माझ्याकडं आणि धड दुसऱ्या कुणाच्या तरी शेंगदाण्यांकडं. 'हत्तीनं दोन्ही कान ताठ पसरले की' इथं एक ओळ संपत होती. 'जागच्या जागी डोलू लागला तर समजावं की तो' इथं दुसरी. उरलेलं मी माझ्या मनानं भरलं. आपण मिठी मारायला हात पसरतो, तसे तो कान पसरत असणार. आणि डोलणं म्हणजे तर आनंदच, त्यात लेख कशाला वाचायचा.

पडेगावहून निरोप आला की बागेत चालेल, मुलीच्या वडलांचं तिथं रोज सकाळी काम असतंच. काय काम, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी विचारणाऱ्यांपैकी नव्हतो, सांगणाऱ्यांपैकी होतो.

त्या रविवारी मी नवाकोरा क्रीम रंगाचा सफारी घालून आईसोबत निघालो. गुलमंडीतल्या शिंप्यानं बटणं सकाळी समोर बसवून लावून दिली, त्यात पाऊण तास गेला. फाटकाशी मुलीला घेऊन तिचे वडील उभे होते. पांढरंशुभ्र धोतर, कडक पटका. शेजारी हिरव्या मक्यानं गच्च भरलेली बैलगाडी. मला वाटलं, बाजाराला चाललेत.

"या पाव्हणं," ते म्हणाले. "लई वाट पाहायला लावली."

आई आणि ते लिंबाखालच्या बाकावर बसले. आम्हाला दोघांना "जरा बोला तिकडं" म्हणून सोडलं. मी तिला सरळ हत्तीणीच्या कुंपणापाशी घेऊन गेलो.

आईनं दिलेली आज्ञा मी पुरती दीड मिनिट पाळली. मग हत्तीणीनं आम्हाला पाहिलं, आमच्याकडं तोंड केलं आणि दोन्ही कान सुपासारखे ताठ पसरले.

"पाहिलंत?" मी म्हणालो. "स्वागत करतेय."

मुलीनं हत्तीणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "असं व्हय," ती म्हणाली.

त्या दोन शब्दांनी मला केवढा हुरूप आला. हत्तीण डोलायला लागली, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मी सांगितलं की तिला आपली जोडी आवडलेली दिसतेय. शेपटी मागं काठीसारखी ताठ झाली. मी सांगितलं की अभिमानानं अशी होते. लेखातला शेपटीचा भाग मिठाच्या डागात गेला होता, पण मी अडलो नाही.

"आणि ती सोंड जमिनीवर आपटतीय, ते?" मुलीनं विचारलं. पदर तोंडापाशी होता. मला वाटलं, लाजतेय.

"टाळी," मी म्हणालो.

"अजून थोडं जवळ गेलं तर?"

"तर ओळख पक्की होईल."

मी कठड्याला छाती लावून उभा राहिलो. ती मात्र चार पावलं मागं सरकली होती, हे मला नंतर आठवलं. तेवढ्यात पलीकडून माहूत ओरडला. पिकल्या दाढीचा माणूस, हातात फडकं.

"ओ भाई, पीछू हटो. कायकू उसके मुँह पे जा रै? भोत गुस्से में है वो."

मी हसून त्याला हातानंच थांबवलं. माहुताला समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी हत्तीणीनं पाण्याच्या हौदाशेजारच्या चिखलात सोंड घातली.

पुढचं लांबवत नाही. नेम अचूक होता. तोंड उघडं होतं, त्याचाही तिनं फायदा घेतला.

मी डोळे पुसले तेव्हा मुलगी पोट धरून हसत होती, खाली बसायचीच बाकी होती. माहूत तिला विचारत होता, "बेटी, अब्बा कां हैं तेरे? पौन घंटे से चारा नै आया. इसका दिमाग फिरेगा नै तो क्या होगा?"

म्हणजे तो मक्याचा गाडा हत्तीणीचा होता. माझे होणारे सासरे वर्षानुवर्षं तिला चारा घालत होते, आणि ही मुलगी लहानपणापासून गाडीवर बसून इथं यायची. त्या दिवशी गाडी फाटकातच उभी राहिली, कारण पाहुणे यायच्या आधी चारा उतरवला तर धोतराला हिरवे डाग पडले असते आणि हाताला वास आला असता. मुलाकडच्यांसमोर तसं दिसणं बरं नाही, म्हणून ते ताटकळले. ते ताटकळले म्हणून ती ताटकळली. आणि मी बटणं लावून घेत होतो.

"तुम्हाला आधीच कळलं होतं?" मी विचारलं.

"कान पसरले तवाच. चिडली की पसरती. डोलती ती भुकेनं, वाट बघून बघून. शेपूट ताठ म्हणजे तर डोकंच फिरलं."

"मग सांगितलं का नाही?"

"थांबलात कुठं तुम्ही."

मी दातांतली वाळू थुंकली. आयुष्यात पहिल्यांदाच मी म्हणालो, "माझं चुकलं. मला यातलं काही येत नाही. अर्धा कागद वाचला होता." आणि पुडीची सगळी गोष्ट तिला सांगून टाकली. ती परत हसली, पण या वेळी पदर खाली होता.

एवढ्यात वडील गाडी घेऊन आत आले, पटका काढून ठेवलेला. हिरव्या मक्याचा पहिला भारा पडला तशी हत्तीण बदलली. ताठ कान मानेवर सैल पडले आणि पंख्यासारखे हलायला लागले. शेपटी सुटली. मुलगी पुढं झाली, तशी हत्तीणीनं सोंडेचं टोक तिच्या हातावरून, वेणीवरून फिरवलं आणि नेऊन स्वतःच्या तोंडात घातलं.

"हे काय?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"वास घेऊन बघती, मीच हाय का दुसरी कोण. आता गप उभं राहा. ऐका."

मला काहीच ऐकू येईना. मग छातीत कुठंतरी घुमल्यासारखं झालं. दळणाची चक्की दोन गल्ल्या पलीकडं चालू असावी, तसं.

"खूश झाली की असं करती," मुलगी म्हणाली. चिखल वाळेपर्यंत मी तसाच ऐकत उभा राहिलो.

लांबून आईला दिसलं ते एवढंच, की मुलगा मातीनं भरलाय आणि गप्प आहे. रिक्षात तिनं विचारलं, "असं काय बोललास रे, की त्यांनी चिखल मारला?"

आठ दिवस निरोप नाही. नवव्या दिवशी मुलीचे वडील एकटेच आमच्या घरी आले. एकटं माणूस नकार सांगायलाच येतं, असं आई स्वयंपाकघरात पुटपुटली आणि चहा टाकला. मी दाराआड उभा राहून फटीतून त्यांना निरखत होतो. ते खुर्चीत जागच्या जागी डोलत होते. पाय सारखा हलत होता. कान लाल झाले होते. आता तर मला पुरा अभ्यास होता. माझा निकाल लागला, हे मी तिथंच ओळखलं.

"काय झालं भाऊ, बरं वाटत नाय का?" आईनं विचारलं.

"चहा लई गरम हाय," ते म्हणाले. "आन खुर्ची एका पायानं लंगडी हाय तुमची." त्यांनी बशी खाली ठेवली. "पोरीला इचारलं. म्हनली, चिखलानं भरला तरी हत्तीणीवर चिडला नाय. आन चुकलं तर चुकलं म्हनतो. त्याला दुसऱ्यांदा सांगितलं की कळतं, म्हनली. चालंल मला."

"दुसऱ्यांदा?" आई म्हणाली. "आमची तर वीस वर्षं गेली, भाऊ."

मी दाराआडून बाहेर आलो आणि त्यांच्या पाया पडलो. किती तरी बोलायचं होतं. खुर्चीचा पाय असा का झालाय तेसुद्धा सांगता आलं असतं. पण मी गुपचूप वर्तमानपत्राची घडी घालून त्या पायाखाली सरकवली, आणि त्यांचा चहा फुंकर मारून निववायला आत घेऊन गेलो.