मेलेल्याच्या हातात दिलेला कोयता

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, सीमेवरच्या दलात आहे. तिकडे पूर्वेला, नदीकाठी, जिथून गुरं चोरून पलीकडे जातात. तिथं त्याच्या गोळीनं एक माणूस मेला. तो तस्कर असल्याचा संशय होता. संशयच म्हणायचा, कारण विचारायला तो उरलाच नाही. पुढे दादावर आणि त्याच्या साहेबावर खटला भरायला मंजुरी मिळाली. बातमी मोबाईलवर गावात आली आणि त्याच संध्याकाळी पारावर ठरलं, वडवणीला तहसीलवर मोर्चा न्यायचा. मागणी एकच: खटला मागे घ्या.

पत्रक लिहायला मला बोलावलं. आम्ही बौद्धवाड्यातले. एरवी पारावर आमची आठवण होते ती मतदान तोंडावर आल्यावर.

"तुझी भाषा कडक हाय," सरपंचाचा भाऊ म्हणाला. "जरा देशावर लिव्ह, जवानावर लिव्ह."

"आन् मेलेल्यावर?"

"त्याच्यावर काय लिव्हतो रे? तस्कर व्हता त्यो."

"नाव काय त्याचं?"

कुणालाच माहीत नव्हतं. "नाव कामून पाहिजे? बारशाला जायचंय का?" एकजण म्हणाला आणि पार हसला.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर चोरल्याच्या संशयावरून आमच्या वाड्यातल्या एकाला पोलिसांनी उचललं. असं मारलं की तो अजून पाय ओढत चालतो. तेव्हा मी पत्रक काढलं होतं: संशय म्हणजे गुन्हा नव्हे, वर्दीवर खटला भरा. ते वाचून याच पारावर कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आता आरोपी माझा भाऊ म्हणून तेच वाक्य मी कोणत्या तोंडानं खोडू? मी नाही म्हणालो. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं.

दादा रजेवर आला. मांजरसुंब्याला बसमधून उतरला तर पोरं उघडी जीप घेऊन उभी. हार, गुलाल, हलगी. ज्या गल्लीतून आमची वरात वाजवत न्यायची म्हटली की दर वेळी भांडण होतं, त्याच गल्लीतून दादाची मिरवणूक गेली आणि बायांनी दारात उभं राहून ओवाळलं. या गावानं आमच्या माणसाला पहिल्यांदा डोक्यावर घेतलं ते माणूस मारल्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शेळ्यांना पाला आणायला गेलो. तिथं तो आपणहून बोलला.

"पाठ व्हती त्याची. गुरं पाण्यात शिरलेली, त्यो त्यांच्या मागं पळत व्हता. साहेब वरडला, मार. मी मारली."

"हातात काय होतं त्याच्या?"

"चपला. चिखलात पळता येईना म्हनून काढून घेतल्या व्हत्या." मग म्हणाला, "मी कोर्टात हेच सांगनार हाय. साहेबाचं बी सांगनार. लई दिवस झोप न्हाई मला." त्या माणसाचं नावही त्यानं मला सांगितलं.

मोर्चात मात्र पहिल्याच वक्त्यानं सांगून टाकलं, तस्कर कोयता घेऊन जवानाच्या अंगावर आला. दुसऱ्यानं त्या कोयत्याला धार लावली. तिसऱ्यानं तो दादाच्या मानेपर्यंत आणला. तिकडच्या माणसाकडे आमचा ऊसतोडीचा कोयता कुठून येणार? पण आमच्याकडे गरिबाच्या हातात दुसरं काय असतं हे कुणाला सुचतच नाही. दादाचे वडील, आमचे नाना, स्टेजवर खुर्चीत बसून मान डोलवत होते. जन्मभर ऊस तोडला, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, खुर्ची कुणी दिली नव्हती. घरी येईपर्यंत तो कोयता त्यांना डोळ्यांनी पाहिल्यासारखा दिसायला लागला होता.

परत जायच्या आधी जेवताना दादानं चपलांचं सांगितलं. नानांचा हात ताटातच थांबला.

"इतकी लोकं तुझ्यासाठी उन्हात चालली. त्यान्ला खोटं पाडतो?"

"मामंजी," वहिनी म्हणाल्या, "तुरुंगाचं भ्या मला बी हाय. पर खोटं बोलून सुटले तर त्यान्ला झोप लागंल का?"

"तुला काय कळतं? परवा सरपंचानं मला घरात बसवून च्या पाजला. त्यांच्या कपात."

दादा नुसता नानांकडे बघत राहिला.

सुनावणी झाल्यावर त्याचा फोन आला.

"काय सांगितलंस?"

"कोयता."

"आणि साहेबाचं?"

"न्हाई घेतलं नाव." लगेच म्हणाला, "तू काय छापू नको रे. नानासाठी तरी."

मी छापलं. वडवणीच्या प्रेसवाल्यानं हात जोडले, म्हणून बीडला गेलो. सगळ्यात वर मेलेल्याचं नाव. खाली मागणी: खटला चालवा, हुकूम देणाऱ्यासकट. गोळी झाडणाऱ्या जवानाचं नाव गाळून लिहायला बसलो होतो. पण नाव गाळलं तर ते पत्रक खोटं झालं असतं, म्हणून दादाचंही नाव घातलं, आणि चपलाही.

पहिलं पत्रक वहिनींच्या हातात नेऊन दिलं. त्यांनी उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर लिव्हलंय भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता आमच्या दारात येऊ नका."