आतल्या बाईसकट विकलेलं घर

ती घटना आजही आठवली की सगळ्यात आधी एका बाईच्या हातातला वरवंटा डोळ्यांपुढे येतो. लढाईचे दिवस होते. मी धुळ्याला फौजदार होतो. गहू, साखर, रॉकेल सगळं रेशनवर; माणसांचं डोकं मात्र बिनरेशनचं तापायचं. नावं मी कोणाचीच देणार नाही. ती माणसं गेली, पण त्यांची नातवंडं त्याच गावांत नांदताहेत.

सकाळची हजेरी चालली होती. एक टांगेवाला ठाण्याच्या पायरीशी घुटमळत होता. धड आत येईना, धड जाईना. मी हवालदाराला म्हणालो, "घ्या त्याला आत. ठाण्याच्या दारात कोणी हवा खायला येत नाही."

टांगेवाला म्हणाला, "सायेब, परगावचा एक शेतकरी शे. त्यानं मला ठरवलं अन् त्याचे चार पैलवान मी आत्ताच गल्लीत उतरवले. म्हणतो, येताना घरातलं सामान भरून न्यायचं. सामान कोणाचं विचारलं, तर म्हणे तू टांगा हाक." एवढं बोलून तो घाम पुसायला लागला.

आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर घासून ठेवलेली भांडी रस्त्यावर आली होती. पैलवान ओट्यावर उभे होते आणि उंबऱ्यात तिशीतली एक बाई वरवंटा उगारून उभी होती. मागे दोन लहान पोरी तिचं लुगडं धरून होत्या. "जो पहिले पाय टाकी, त्यानं डोकं फोडसु!" ती ओरडत होती. पैलवान चार, पण पहिला पाय टाकायला कोणी तयार नव्हता!

घर विकत घेणारा शेतकरी यावलकडचा, केळीच्या बागा असलेला. मुलगा धुळ्याच्या शाळेत घालायचा म्हणून त्याने हे घर घेतलं होतं. खरेदीखत त्याने माझ्या नाकाशी नाचवलं. "घर माझं, कागद माझा. ही भाडेकरीण निघत नाई, तं पोलीस मधी कायले पडता?"

"भाडेकरू असली तरी तिला कोर्टाच्या हुकमानं काढायची, पैलवानांनी नाही," मी म्हणालो आणि सगळ्यांना ठाण्यावर घेतलं. भांडी आधी आत ठेवायला लावली, तीही पैलवानांकडूनच.

बाईचा जबाब दोन वाक्यांचा होता. "मी भाडोत्री नही शे. हाई मना सासरानं घर शे." सासरा वारलेला, नवरा पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेलेला, आणि कित्येक महिने त्याची काही खबर नाही. माहेरचं कोणी उरलं नव्हतं. घर गेलं असतं, तर दोन पोरी घेऊन तिला रस्ताच होता.

खरं सांगतो, माझा तिच्यावर लगेच विश्वास बसला नाही. भाडं थकवून मालकी सांगणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले होते. संशय मला त्या शेतकऱ्याचाही आला. त्याला विचारलं, "बैल घेताना दात मोजता ना? मग घर घेताना उंबरा ओलांडून आतल्या माणसाला एक शब्द विचारला नाहीत?"

तो वरमला. "विकणारा म्हने, बाई लई कज्जेदलाल आहे. तिला आधी सुगावा लागला तं कोर्टात जाईल. आधी कागद करा, मंग कब्जा घ्या."

इथे माझे कान टवकारले. आतल्या माणसाशी बोलू नका, असं जो सांगतो, त्याला आतलं माणूस काय बोलेल ते ठाऊक असतं.

विकणारा अमळनेरचा सरकीचा व्यापारी. मी बोलावल्याबरोबर हजर झाला. पांढरी टोपी, गोड बोलणं, आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. घर त्याच्या वडिलांच्या नावावर होतं, हे कागदावरून खरंच होतं. तो म्हणाला, "माझे काका त्या घरात राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. या बाईचा नवरा त्यांच्याकडे भाड्यानं राहिला, त्यांना आबा म्हणायचा. लोकांना वाटलं मुलगाच. दयेपोटी राहू दिलं साहेब, आता डोक्यावर बसली."

बाई म्हणत होती की दोघा भावांनी घरं तोंडी वाटून घेतली होती आणि हे घर तिच्या सासऱ्याच्या वाट्याला आलं होतं. त्याला पुरावा काय? मी गल्लीत विचारपूस केली. जो तो म्हणे, "आम्हाला काय ठाऊक साहेब, आम्ही नवे." शेजारची दोन्ही घरं त्याच व्यापाऱ्याची होती आणि ही मंडळी त्याची भाडेकरू होती. घरमालकाविरुद्ध साक्ष देऊन बिऱ्हाड पाठीवर कोण घेणार? हातचं राखून बोलणाऱ्या माणसाची नजर जमिनीवर असते. त्या गल्लीत त्या दिवशी सगळेच जमिनीकडे बघत होते.

बाई मात्र एकच सांगत होती, "अमळनेरले मनी चुलतसासू शे. तिले पुसा."

व्यापारी हसला. "माझी आई? ती भ्रमिष्ट झाली आहे साहेब. तिला माणूस ओळखू येत नाही."

मला न विचारता त्याने ही माहिती दिली, म्हणून मी अमळनेरला जायचं ठरवलं. जिल्हा दुसरा, तेव्हा तिथल्या ठाण्यात आधी वर्दी दिली, तिथला एक जमादार बरोबर घेतला आणि व्यापाऱ्यालाही सोबतच ठेवला, म्हणजे घरी निरोप पुढे जायला नको.

श्रावणातले दिवस. आम्ही ओसरीवर बसलो. आतून तुपाचा आणि खिरीचा वास येत होता. व्यापारी चहा सांगून म्हणाला, "जेवायलाच बसवलं असतं साहेब, पण घरात कानबाईचे रोट आहेत. बाहेरच्याला चालत नाहीत."

मी खानदेशातलाच. मला राग कशाला येईल? आमच्याकडे श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिला वाजतगाजत पोचवतात. तिच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन गव्हाची मूठ टाकतात. पाळण्यातल्या पोराची टाकतात, परगावी असलेल्याचीही टाकतात. परक्याची टाकत नाहीत आणि मेलेल्याचीही नाही. ते रोट भाऊबंदांनीच खायचे. हा नियम मोडायची छाती भल्याभल्यांना होत नाही. चहा पिता पिता हे सगळं माझ्या डोक्यात फिरायला लागलं.

म्हातारी बाहेर आली. ताठ कणा, स्वच्छ नजर. मी आधी सरळच विचारलं, "अक्का, धुळ्याच्या घरात राहायचा, तो पलटणीतला तुमचा कोण?"

तिने पदर सावरला, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मना आंडोर सांगी तेच खरं."

आता आईला मुलाविरुद्ध बोलायला लावणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. तो प्रश्न मी तिथेच सोडला. चहाची बशी खाली ठेवली आणि सहज म्हणालो, "रेशनचे दिवस अक्का. रोटाला गहू पुरले का?"

झालं! म्हातारीने रेशनवाल्याचा सगळा उद्धार केला. गव्हात खडे किती, माप कसं मारतो, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "पन पुरनात बापा. मुठी कमी नही करता येतीस."

"मुठी कोणाकोणाच्या टाकल्या?"

ती बोटांवर नावं घेऊ लागली. मुलाचं घेतलं, नातवांची घेतली, गावाकडच्या भाऊबंदांची घेतली. आणि त्याच ओघात आणखी एक नाव घेतलं. बाईच्या जबाबात नवऱ्याचं म्हणून तेच नाव मी स्वतः लिहून घेतलं होतं.

"आई, आत जा!" व्यापारी ओरडला. "साहेब, सांगितलं ना, तिचं डोकं ठिकाणावर नाही."

मी हात वर करून त्याला गप्प केलं. "अक्का, हा शेवटचा कोण?"

"मना देरना आंडोर शे. लढाईमा गयेल शे." दिराचा मुलगा! मग ती मुलाकडे वळली. इतका वेळ दबलेला तिचा आवाज आता चढला. "मी येडी शे का रे? कानबाईपुढे खोटी मूठ टाकस का मी? पोटले चिमटा लेस, पन त्यानी मूठ सोडस नही!"

मी व्यापाऱ्याला हळूच विचारलं, "भाडेकरूच्या नावाने रोटाची मूठ कधीपासून टाकायला लागलात?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तो मटकन ओसरीच्या कडेला बसला. म्हणाला, "तो काही परत येत नाही साहेब. मागे दोन पोरीच. विचारणार कोण, असं वाटलं."

"मग मूठ का टाकू दिलीत?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काही भलतं बोललो. "कानबाईची मूठ आहे ती. ती कशी थांबवणार?"

रजिस्ट्रारपुढे तो खोटं बोलला, त्या शेतकऱ्याशी बोलला, माझ्याशी बोलला. देवीपुढे मात्र चुलतभावाची मूठ पडताना तो शेजारी हात जोडून बसला होता आणि तो रोटही त्याने खाल्ला होता. पंच बोलावून जबाब घेतले. म्हातारीने अंगठा उठवला, तेव्हा ती हुंदके देऊन रडत होती. मलाही त्या वेळी फार वाईट वाटलं. पोलिसाच्या नोकरीत खरं बाहेर काढल्याचा आनंद असा नासतो कधी कधी.

तेवढ्यावर मालकी ठरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण एक जण बोलला की बाकीच्यांना कंठ फुटतो. गल्लीतल्या दोघांनी आपण होऊन येऊन वाटणीबद्दल साक्ष दिली. व्यापाऱ्यावर फसवणुकीचा खटला झाला, खरेदी रद्द करायचा दावा दिवाणीत गेला, आणि घर बाईकडे राहिलं. यावलचा शेतकरी जाताना म्हणाला, "फौजदारसाहेब, एकदा आत जाऊन पानी जरी मागितलं असतं, तं सगळं कळलं असतं." आजही कोणी वसतं घर घ्यायला निघाला की मी त्याला हेच सांगतो. कागद वकिलाला दाखवा, पण त्याआधी आत जा आणि पाणी मागा. आत राहणाऱ्याशी बोलू नका असं कोणी बजावलं, तर तिथूनच परत फिरा.

नवरा परत आला का, असं लोक मला विचारतात. माझी पुढे जळगावला बदली झाली, मला ते कळलं नाही. पण त्याच श्रावणात मी त्या गल्लीतून जात होतो, तेव्हा अमळनेरची म्हातारी दारात उभी दिसली. मुलाला न विचारता एकटी आली होती. हातात फडक्यात बांधलेले रोट होते. सारी गल्ली बघत होती.

उंबऱ्यात बाई उभी होती. वरवंटा अजून दाराशीच ठेवलेला होता. तिने पाया पडायला वाकण्याआधी एकच विचारलं, "त्यासनी मूठ टाकी ना?"

"टाकी वं माय," म्हातारी म्हणाली. "सगळ्यास्ना पहिले त्यानीच टाकी."

बाईने रोट दोन्ही हातांनी घेतले. मग वाकून वरवंटा उचलला आणि आत नेऊन पाट्यावर ठेवला.